गच्चीवरून गुरूचं वजन: गुरुत्वाकर्षण आणि कक्षा स्वतः तपासण्याची कृती

आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि त्याची एक फेरी २७.३ दिवसांत पुरी होते. गुरूचा आयो नावाचा चंद्र गुरूपासून ४,२१,८०० किलोमीटरवर आहे, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षा थोडा लांबच. पण त्याची फेरी साडेबेचाळीस तासांत होते. अंतर जवळपास सारखं आणि वेगात एवढा फरक, कारण आयोच्या कक्षेच्या मधोमध बसलेला गुरू पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा आहे.

हा ३१८ चा आकडा पुस्तकात वाचून सोडून देण्यासारखा नाही. साधी दुर्बीण, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक वही एवढ्यावर तो कुणालाही काढता येतो. दहावीपर्यंतचं गणित पुरतं. शाळेत गुरुत्वाकर्षणाचं सूत्र पाठ केलेल्या पुष्कळ जणांना ग्रह का फिरतात, याचं उत्तर देताना अडखळायला होतं. एकदा हा प्रयोग केला की ते उत्तर हाताला लागतं, म्हणून तो सगळ्या टप्प्यांसह इथे लिहितो आहे. सलग दहा-बारा रात्री, रोज अर्धा तास, एवढी तयारी ठेवा.

काय काय लागेल

- दुर्बीण: ६० ते ७० मिलिमीटर भिंगाची किंवा ११४ मिलिमीटर आरशाची. स्टँड डुगडुगणारा नको.
- नेत्रिका, म्हणजे डोळा लावायच्या टोकाचं भिंग: २५ मिमी (शोधायला) आणि १० मिमी (मोजायला).
- मोबाइल: स्टॉपवॉच, कॅल्क्युलेटर आणि स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप.
- वही, आलेख कागद, पेन्सिल, पट्टी, कोनमापक.
- बॅटरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावून. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात.

दुर्बीण विकत घेणार असाल तर खोक्यावरच्या '५२५ पट मोठं दिसेल' अशा जाहिरातीकडे बघू नका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुपटीपलीकडे प्रतिमा फक्त मोठी आणि धूसर होते. ७० मिमीच्या दुर्बिणीची मर्यादा १४० पटींच्या आसपास संपते आणि आपलं काम ७० पटींत होतं. खर्च नंतर केला तरी चालेल. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना धरून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं. आधी अशा ठिकाणी दुर्बिणीला डोळा लावून बघा, हाताळायला शिका, मग ठरवा.

घरात १०×५० चा बायनॉक्युलर असेल तर तोही बाद नाही. ट्रायपॉडवर घट्ट बसवला तर चंद्र दिसतात आणि पाचव्या टप्प्यातलं कालावधीचं काम होतं. हाताच्या कंपनात मात्र काहीही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१. आधी 'वर गुरुत्वाकर्षण नसतं' हा समज काढून टाका

अंतराळस्थानकातले लोक तरंगताना दिसतात, त्यावरून हा समज घट्ट होतो. अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर आपण ६,३७१ किलोमीटरवर आणि ते साधारण ६,७७० किलोमीटरवर. तिथलं गुरुत्वाकर्षण इथल्यापेक्षा जेमतेम अकरा टक्क्यांनी कमी असतं. स्थानक आणि आतली माणसं, दोघंही एकाच दराने पडत असतात, म्हणून माणसाचा भार जमिनीवर येत नाही आणि तो तरंगतो.

मग ते खाली का आपटत नाही? कारण ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने आडवंही जात असतं. जेवढं पडतं तेवढीच पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळून जाते. कक्षा म्हणजे कधीच न संपणारं पडणं.

दुसरा समज 'बाहेर फेकणाऱ्या बला'चा. चंद्राला पृथ्वी आत ओढते आणि एक बल बाहेर ढकलतं, दोघांची बरोबरी होते म्हणून चंद्र टिकतो, असं सांगितलं जातं. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवताना बघितली असेल तर आठवा: दोरी सुटली की दगड थेट बाहेरच्या दिशेला उडत नाही, त्या क्षणी ज्या दिशेला जात होता त्याच रेषेत सरळ जातो. दगडाला वळवत ठेवणारं बल एकच, दोरीचं, आणि ते आत ओढणारं. चंद्राच्या बाबतीत दोरीची जागा गुरुत्वाकर्षणाने घेतली आहे.

आता एक आकडा नीट बघा, कारण सगळं इथे आहे. आपल्या हातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र एका सेकंदात साधारण एक किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात पृथ्वीकडे १.३६ मिलिमीटर पडतो. ४.९ मीटरला १.३६ मिलिमीटरने भागा: ३,६०० येतात. चंद्राचं अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट आहे आणि ६० चा वर्ग ३,६००. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, हा व्यस्त वर्गाचा नियम न्यूटनने अशाच तुलनेतून पडताळला. झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमात बसतात, हे या एका भागाकारातून दिसतं. पुढे जाण्याआधी हा भागाकार स्वतः करा.

२. केप्लरचा तिसरा नियम एवढाच लक्षात ठेवा

योहानेस केप्लरने पहिले दोन नियम १६०९ मध्ये आणि तिसरा १६१९ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला तिसरा हवा: फेरीच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो.

ताळा करू. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत आणि काळ वर्षांत घ्या. गुरूचं सूर्यापासूनचं अंतर ५.२०३ पट, काळ ११.८६ वर्षं. ५.२०३ चा घन १४०.८, ११.८६ चा वर्ग १४०.७.

केप्लरला नियम सापडला, कारण सापडलं नव्हतं. न्यूटनने १६८७ मध्ये दाखवलं की व्यस्त वर्गाच्या ओढीतून हा नियम आपोआप निघतो, आणि अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग ही संख्या मधल्या वस्तूच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. फिरणाऱ्या वस्तूचं वस्तुमान मधल्याच्या तुलनेत फार कमी असेल तर ते हिशेबात येतच नाही. म्हणून आपला चंद्र आणि गुरूचा चंद्र यांची तुलना केली की गुरू पृथ्वीच्या किती पट आहे ते निघतं. गुरुत्वस्थिरांक लागत नाही, दहाचे मोठाले घात लागत नाहीत. नवख्याने हाच रस्ता धरावा. किलोग्रॅममध्ये उत्तर काढायच्या नादात पहिल्याच दिवशी शून्यांमध्ये हरवणारे खूप असतात.

३. गुरू शोधा, आणि योग्य महिने धरा

गुरू सूर्याच्या बरोबर समोर आला की त्याला प्रतियुती म्हणतात. तेव्हा तो सूर्यास्ताला पूर्वेला उगवतो, रात्रभर दिसतो आणि सगळ्यात जवळ असतो. अशी वेळ साधारण तेरा महिन्यांनी येते. १० जानेवारी २०२६ ला प्रतियुती होती. पुढच्या फेब्रुवारी २०२७, मार्च २०२८ आणि एप्रिल २०२९ मध्ये आहेत. म्हणजे येती काही वर्षं कोकणात, देशावर, विदर्भात सगळीकडे आकाश मोकळं असण्याच्या दिवसांतच गुरू वर आहे. प्रतियुतीच्या आधी-नंतरचा दीड महिना या कामाला उत्तम.

ओळखायला सोपा आहे. शुक्र सोडला तर एवढं तेजस्वी आणि न लुकलुकणारं ठिपकं रात्री सहसा दुसरं नसतं, आणि शुक्र मध्यरात्री आकाशात नसतो. शंका वाटली तर दुर्बीण लावा: चपटसर छोटी चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत तीन-चार बारीक ठिपके दिसले की तो गुरू.

गच्चीच्या स्लॅबवर एक अडचण येते. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उष्णता सोडतं आणि प्रतिमा पाण्यातून बघितल्यासारखी हलते. रात्री नऊनंतर लावा, आणि दुर्बीण अर्धा तास आधीच बाहेर नेऊन ठेवा.

४. पूर्व-पश्चिम रोज नव्याने ठरवा

आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर डावं-उजवं बदलतं. डावीकडचा चंद्र वहीत 'डावीकडे' लिहिला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघितलं, तर दोन नोंदी जुळणार नाहीत.

यावर पक्का उपाय आहे. दुर्बिणीला मोटर असेल तर बंद करा. हात लावू नका, फक्त बघत राहा. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे गुरू हळूहळू सरकत नेत्रिकेच्या एका कडेने बाहेर जाईल. ज्या कडेने गेला ती पश्चिम. वहीत नेहमी 'पू' आणि 'प' लिहा, डावं-उजवं कधीच लिहू नका.

५. रोजची नोंद: सुरुवात गॅनिमीडपासून

चार मोठे चंद्र गुरूपासून या क्रमाने आहेत:

- आयो: ४,२१,८०० किमी, १.७७ दिवस
- युरोपा: ६,७१,१०० किमी, ३.५५ दिवस
- गॅनिमीड: १०,७०,४०० किमी, ७.१५ दिवस
- कॅलिस्टो: १८,८२,७०० किमी, १६.६९ दिवस

बहुतेक जण आयोने सुरुवात करतात, कारण तो झटपट फिरतो. तिथेच घोटाळा होतो. रोज रात्री नऊला बघितलं तर आयो मधल्या चोवीस तासांत अर्ध्या फेरीहून थोडा जास्त पुढे गेलेला असतो. आज पूर्वेला, उद्या पश्चिमेला, परवा पुन्हा पूर्वेला, असा तो दोन दिवसांची फेरी असल्याचा आभास देतो. शिवाय गुरूच्या इतका जवळ असतो की झगमगाटात हरवतो. कॅलिस्टो लांब जातो हे चांगलं, पण चौघांत तो सगळ्यात मंद आहे आणि एका फेरीला जवळपास सतरा रात्री लागतात. मध्ये चार दिवस ढग आले की साखळी तुटते.

गॅनिमीड चौघांत सगळ्यात तेजस्वी. गुरूपासून पुरेसा दूर जातो. आणि सात दिवसांनी जवळजवळ त्याच जागी परत येतो, त्यामुळे सोमवारची नोंद पुढच्या सोमवारशी ताडून बघता येते. पहिल्यांदा करताना गॅनिमीडच घ्या.

वहीत रोज एक आडवी ओळ आखा. मध्ये गुरूचं वर्तुळ, दोन्ही बाजूंना दिसतील तेवढे ठिपके प्रमाणात. बाजूला तारीख, वेळ, हवा कशी होती. मध्यरात्रीनंतर बघितलं तर तारीख बदलते, ती नीट लिहा. परदेशात असाल तर काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात तेही नोंदवा. आणि महत्त्वाचं: आधी चित्र काढा, मग अ‍ॅप उघडून कोणता ठिपका कोणता ते बघा. अ‍ॅप आधी उघडलं की डोळा तेच शोधत बसतो आणि नोंद तुमची राहत नाही.

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला इटलीतल्या पादुआमध्ये गुरूजवळ तीन ठिपके बघितले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्याने ते पार्श्वभूमीचे तारे धरले. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते. चौथा त्याला १३ तारखेला दिसला. तारा आणि चंद्र यांतला फरक अजूनही असाच कळतो, एका रात्रीत कळत नाही. गुरूजवळ पाच ठिपके दिसले तर एक तारा असणार, आणि दोन दिवसांत गुरू पुढे सरकला की तो मागे पडेल.

तीनच दिसले तर घाबरू नका. एखादा गुरूच्या मागे असतो, एखादा समोर, एखादा त्याच्या सावलीत. २०२६-२७ च्या सुमारास तर या चंद्रांच्या कक्षा आपल्याला अगदी कडेकडून दिसत असल्याने ते एकमेकांनाही झाकतात.

रोज रात्री नऊला बघितलं, तर गॅनिमीडच्या दहा रात्रींची नोंद साधारण अशी येईल. अंतर कलांमध्ये आहे, ते मोजायची रीत सहाव्या टप्प्यात येईल. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कलांचा दिसतो.

१ली रात्र: ५.७ पू
२री: ३.६ पू
३री: १.० प
४थी: ४.९ प
५वी: ५.३ प
६वी: १.८ प
७वी: ३.० पू
८वी: ५.६ पू
९वी: ४.२ पू
१०वी: ०.३ प

हे आकडे आलेख कागदावर मांडा. आडवी रात्र, उभं अंतर, पूर्व वर आणि पश्चिम खाली. ठिपके जोडले की लाट उमटते. वर्तुळात फिरणारी वस्तू कडेने बघितली की अशीच लाट दिसते. तुम्ही कक्षा बघता आहात याचा हा पुरावा आणि तो तुमच्याच पेन्सिलीने उतरलेला असतो. मला या प्रयोगात सगळ्यात जास्त आनंद इथे होतो.

आता काळ. शेंड्यावरून काढू नका. शेंड्यापाशी चंद्र रेंगाळतो आणि नेमका कधी सगळ्यात लांब होता ते सांगता येत नाही. गुरूला ओलांडताना तो सगळ्यात झपाट्याने सरकतो, म्हणून तोच क्षण धरा. दुसऱ्या रात्री ३.६ पूर्व, तिसऱ्या रात्री १.० पश्चिम: एकूण ४.६ कला सरकला, त्यातल्या ३.६ ओलांडण्याआधीच्या. ३.६ भागिले ४.६ म्हणजे ०.७८. दुसऱ्या रात्रीच्या नऊनंतर ०.७८ दिवसांनी ओलांडलं. तसंच नवव्या रात्रीनंतर ४.२ भागिले ४.५, म्हणजे ०.९३ दिवसांनी. दोन्हींमध्ये सात दिवस अधिक ०.१५. काळ ७.१५ दिवस.

ओलांडणं एकाच दिशेचं धरायला हवं, इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे. (या दिशेने जाताना चंद्र गुरूच्या आपल्याकडच्या बाजूला असतो.) पूर्व-पश्चिम एकदा आणि पश्चिम-पूर्व एकदा असं धरलं तर अर्धीच फेरी मोजली जाते. महिनाभर बघता आलं तर पहिलं आणि शेवटचं ओलांडणं घेऊन मधल्या फेऱ्यांनी भागा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोंदीतली चूक तेवढी वाटली जाते.

६. अंतर डोळ्याने नको, स्टॉपवॉचने मोजा

गुरूच्या चकतीच्या किती पट लांब आहे, असा अंदाज बांधायला सांगितलं जातं. लहान दुर्बिणीत झगमगाटामुळे चकती खरीपेक्षा मोठी दिसते आणि अंतर कमी भरतं. अंतराचा पुढे घन होणार आहे. अंतर दहा टक्क्यांनी चुकलं तर वस्तुमान तीस टक्क्यांच्या आसपास चुकतं. म्हणून या टप्प्यावर घाई करू नका.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. याचा उपयोग असा करायचा:

अ) गॅनिमीड जवळजवळ सगळ्यात लांब असेल अशी रात्र आलेखावरून निवडा. १० मिमीची नेत्रिका, मोटर बंद.

आ) गुरू आणि गॅनिमीड नेत्रिकेच्या मधल्या रेषेवरून पश्चिमेच्या कडेकडे जातील असं लावा आणि हात काढा.

इ) दोघांतलं जे आधी कडेआड जाईल त्या क्षणी स्टॉपवॉच सुरू, दुसरं गेलं की बंद. गुरूची चकती आहे, ठिपका नाही, त्यामुळे ती अर्धी झाकली गेली की क्षण धरा.

ई) निदान आठ-दहा वेळा करा आणि सरासरी घ्या.

समजा सरासरी २२ सेकंद आली. आता दोन दुरुस्त्या आहेत, दोन्ही आवश्यक.

पहिली, गुरू खगोलीय विषुववृत्तापासून (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) किती अंश दूर आहे याची. याला क्रांती म्हणतात आणि अ‍ॅपमध्ये गुरूवर टिचकी मारली की 'डेक' पुढे ती दिसते. समजा १४ अंश. कॅल्क्युलेटरमध्ये १४ अंशांचा कोसाइन ०.९७. २२ × १५ × ०.९७ = ३२० विकला, म्हणजे ५.३४ कला.

दुसरी, तिरपेपणाची. चंद्रांची रेषा बरोबर पूर्व-पश्चिम नसते, आणि स्टॉपवॉच फक्त पूर्व-पश्चिम अंतर मोजतं. गुरू ज्या दिशेने सरकतो ती रेषा वहीत काढा, चंद्रांची रेषा तिच्यावर काढा, कोनमापक लावा. समजा कोन २० अंश आला. त्याचा कोसाइन ०.९४. ५.३४ भागिले ०.९४ म्हणजे ५.६८ कला. ही दुरुस्ती पुष्कळ जण विसरतात. २० अंशांवर ती विसरली तर वस्तुमान सहावा हिस्सा कमी येतं.

आता किलोमीटर. त्या रात्रीचं गुरूचं पृथ्वीपासूनचं अंतर अ‍ॅपमध्ये मिळतं. समजा ६५ कोटी किलोमीटर. त्याला ३,४३८ ने (त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाचा कोन एवढ्या कलांचा असतो) भागलं की एका कलेचे किलोमीटर मिळतात: १ लाख ८९ हजार. ५.६८ ने गुणा. गॅनिमीडचं अंतर १० लाख ७४ हजार किलोमीटर.

७. गणित

अंतरांचं गुणोत्तर: १०,७४,००० ÷ ३,८४,४०० = २.७९४. त्याचा घन २१.८१.

काळांचं गुणोत्तर: २७.३२ ÷ ७.१५ = ३.८२१. त्याचा वर्ग १४.६०.

गुणाकार: ३१८.

बरोबर पुस्तकातला आकडा, पण इथे थांबू नका. आपल्या चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१ व्या हिश्शाएवढं आहे. त्यामुळे तुलना नुसत्या पृथ्वीशी झालेली नाही, पृथ्वी अधिक चंद्र यांच्याशी झाली आहे. उत्तराला १.०१२ ने गुणलं पाहिजे. मग ३२२ येतं. खऱ्या ३१८ पासून सव्वा टक्का दूर, आणि हातातल्या स्टॉपवॉचसाठी हे फारच चांगलं उत्तर आहे.

स्टॉपवॉच अर्धा सेकंद आधी थांबलं असतं तर? २१.५ सेकंद धरून सगळं पुन्हा करा. गुणाकार ३१८ च्या जागी २९७ च्या आसपास येईल. अर्ध्या सेकंदात वीसेक पृथ्व्या इकडच्या तिकडे. दहा वेळा मोजायला सांगितलं ते यासाठी. उत्तर २८० आलं किंवा ३५० आलं तरी ते खोडू नका. मागे जाऊन कोन, क्रांती आणि सेकंद तपासा, कुठे सैल राहिलं ते सापडतं.

जमलं की आयो, युरोपा, कॅलिस्टो यांचेही हिशेब करा. चौघांची अंतरं वेगळी, काळ वेगळे, आणि उत्तर मात्र एकाच आकड्याभोवती येतं. वर यादीत दिलेले आकडे घातले तर दुरुस्तीआधी चौघांकडून ३१५ मिळतात. चार वेगवेगळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगावी तसं हे आहे, आणि गुरुत्वाकर्षणाच्या नियमावर विश्वास का ठेवायचा याचं उत्तर इथे मिळतं.

किलोग्रॅममध्ये हवं असेल तर पृथ्वीचं वस्तुमान लागतं. ते कळण्याचा रस्ता हेन्री कॅव्हेंडिशच्या १७९८ च्या प्रयोगाने उघडला. त्याने शिशाच्या गोळ्यांमधली अतिशय क्षीण ओढ मोजून पृथ्वीची घनता काढली. न्यूटनला ग्रहांची वस्तुमानं एकमेकांच्या तुलनेत काढता येत होती, किलोत नव्हे.

८. ढग आले की करायचं काम

जून ते सप्टेंबर दुर्बीण कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवा. भिंगावर बुरशी धरली की ती सहज जात नाही. या दिवसांत हेच गणित टेबलावर दुसऱ्या वस्तूंसाठी करा.

सूर्य: पृथ्वीचं अंतर १४.९६ कोटी किलोमीटर, काळ ३६५.२५ दिवस. चंद्राशी तुलना केली, १.०१२ ने गुणलं, की साधारण ३ लाख ३३ हजार पृथ्व्या येतात.

मंगळ: इथे इस्रोचं मंगळयान उपयोगी पडतं. २४ सप्टेंबर २०१४ ला ते ज्या कक्षेत शिरलं ती लांबट होती. मंगळाच्या पृष्ठभागापासून जवळचं टोक ४२१.७ किलोमीटर, लांबचं ७६,९९३.६ किलोमीटर आणि एका फेरीला ७२ तास ५१ मिनिटं ५१ सेकंद. लांबट कक्षेत कोणतं अंतर घ्यायचं हा प्रश्न इथे अनेकांना पडतो. केप्लरच्या नियमात कक्षेच्या लांब अक्षाचा अर्धा घ्यायचा. दोन्ही उंचींची सरासरी ३८,७०८ किलोमीटर, आणि त्यात मंगळाची त्रिज्या ३,३९० मिळवायला विसरायचं नाही, कारण अंतर केंद्रापासून लागतं. हे ४२,०९८ किलोमीटर होतात. चंद्राशी तुलना करून, दुरुस्तीसह, मंगळ पृथ्वीच्या ०.१०८ पट येतो. छापील आकडा ०.१०७ आहे.

मंगळाचा फोबॉस हा चंद्र मंगळाच्या केंद्रापासून ९,३७६ किलोमीटरवर आहे आणि ७ तास ३९ मिनिटांत फिरतो. एक माणसाने बनवलेलं यान, दुसरा बावीसेक किलोमीटरचा खडक. फोबॉसचं गणित तुम्ही करा आणि मंगळयानाच्या उत्तराशेजारी लिहून बघा.